सोलापुरात फिरायचं कसं: चौक, वेस, नाका आणि शेअर रिक्षा

सोलापुरात पत्ता विचारला की उत्तर चौकात मिळतं. रस्त्यांना नावं आहेत, पाट्याही आहेत, पण त्या नावांनी इथं कुणी चालत नाही. 'दत्त चौकातनं आत, मधला मारुतीच्या अलीकडं' हा पूर्ण पत्ता झाला. मोबाईलवरच्या नकाशात रस्त्याचं नाव शोधून ते रिक्षावाल्याला सांगितलंत तर तो तुमच्याकडं बघत बसेल. चौकाचं नाव सांगितलंत तर पुढचं वाक्य भाड्याचंच येईल. म्हणून शहरात पाय ठेवायच्या आधी दहा-बारा चौक पाठ करा, निम्मं काम तिथंच होतं.

शहराचे तीन तुकडे

पहिला तुकडा म्हणजे जुनं गाव. भुईकोट किल्ला, त्याच्या पूर्वेला सिद्धेश्वर तलाव, आणि या दोघांच्या उत्तरेला पसरलेल्या पेठा: नवी पेठ, चाटी गल्ली, माणिक चौक, मधला मारुती, टिळक चौक, बाळीवेस. पाहुण्याला जे बघायचं असतं त्यातलं बहुतेक सगळं याच भागात आहे आणि ते पायी होतं.

दुसरा तुकडा पूर्व भाग. अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ, भवानी पेठ आणि तिथून अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीपर्यंत. हा विणकरांचा, यंत्रमागांचा, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाचा भाग. चादरी आणि टॉवेल इथं तयार होतात. इथं रिक्षा लागते.

तिसरा तुकडा दक्षिणेचा. सात रस्ता ओलांडला की विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता फुटतात. त्यांच्यावर सैफुल, आसरा चौक, जुळे सोलापूर अशा नव्या वसाहती आहेत. पाहुण्याला इथं कंबर तलाव (पाटीवर धर्मवीर संभाजी तलाव), रेवणसिद्धेश्वराचं देऊळ आणि विमानतळ एवढ्यापुरतंच यावं लागतं. नातेवाईक मात्र हमखास इथंच राहतात.

रेल्वे स्टेशन जुन्या गावाच्या नैर्ऋत्येला आणि एसटी स्टँड वायव्येला आहे. स्टेशनपासून पार्क चौक साधारण दीड किलोमीटर, आणि स्टेशन ते स्टँड दीड-दोन. हातात सामान नसेल तर ही दोन्ही अंतरं चालण्यासारखी आहेत.

ज्या नावांनी घोटाळा होतो

सर्वात जास्त फसगत 'विजापूर' या शब्दावर होते. विजापूर वेस जुन्या गावात, सिद्धेश्वर मंदिराच्या पलीकडं आहे. विजापूर नाका शहराच्या दक्षिण टोकाला आहे. विजापूर रोड म्हणजे सात रस्त्यापासून नाक्याकडं आणि पुढं जाणारा सगळा पट्टा. वेस आणि नाका यांत काही किलोमीटरचं अंतर आहे, आणि 'विजापूरला सोडा' एवढंच म्हणालात तर तिन्हींपैकी कुठंही उतरायची वेळ येईल. तुळजापूर वेस आणि तुळजापूर नाका यांचंही तसंच. सूत्र सोपं आहे: 'वेस' जोडलेलं नाव म्हणजे जुन्या गावाची हद्द, 'नाका' जोडलेलं म्हणजे आजच्या शहराची. वेशीच्या नावावरून दगडी कमान शोधत फिरू नका, बाजारपेठेचा गजबजलेला चौक दिसला की तीच वेस.

'पार्क' म्हणजे पार्क चौक आणि त्याला लागून असलेलं स्टेडियम. बाग नव्हे. बागेला हुतात्मा बाग म्हणतात. 'चार पुतळा' म्हणजे चार हुतात्म्यांचे पुतळे असलेला चौक. 'रेल्वे लाईन्स' हे वस्तीचं नाव आहे, तिथं रूळ शोधू नका. 'मोदी' हीसुद्धा वस्तीच. 'सिव्हिल' म्हणजे सरकारी रुग्णालय, रात्री-अपरात्री गरज पडली तर एवढा एकच शब्द पुरतो.

पोचायचं कसं आणि कोणत्या वेळी

सोलापूरच्या गाड्यांची गंमत अशी की सोयीच्या बहुतेक गाड्या एक तर पहाटे लागतात नाहीतर रात्री. मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सुटून सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास पोचते. पाहुण्यासाठी हीच उत्तम, कारण अख्खा दिवस हातात राहतो. वंदे भारत फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झाली. ती मुंबईहून दुपारी निघते आणि सोलापुरात पोचायला रात्रीचे साडेदहा वाजून जातात. परतताना ती पहाटे सहाच्या आसपास निघते. पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते, रात्री दहाच्या सुमारास सोलापूर, आणि सकाळी साडेसहाच्या आसपास परत पुण्याकडं. म्हणजे वंदे भारत किंवा हुतात्मा धरणार असाल तर मुक्काम स्टेशनच्या जवळच हवा. जुळे सोलापुरात उतरलात तर पहाटे पाचला रिक्षा शोधायची पाळी येते. वेळा बदलत राहतात आणि वंदे भारत आठवड्यातून एक दिवस धावत नाही, तेव्हा तिकीट काढताना वार तपासा.

रस्त्यानं पुण्याहून साधारण २५० किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ६५, साडेचार-पाच तास. खासगी बसनं येणार असाल तर एक प्रश्न तिकीट काढायच्या आधीच विचारा: 'गावात येते का बायपासनं जाते?' पुणे–हैदराबाद मार्गावरच्या बऱ्याच गाड्या शहरात शिरत नाहीत. पहाटे तीनला बाळ्याच्या (बाळे या उपनगराच्या) पुढं हायवेवर उतरवतात आणि तिथं रिक्षा नसते. 'जुना पुणे नाका' किंवा 'सात रस्ता' असं ठरलेलं उतरण्याचं ठिकाण तिकिटावर लिहून घ्या.

स्वतःच्या गाडीनं नोव्हेंबर ते मार्च या काळात येत असाल तर अंधार पडायच्या आत पोचा. गाळपाचा हंगाम असतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर महामार्गावर डावी लेन धरून रांगत असतात, मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, आणि बाहेर आलेल्या उसाच्या मोळ्या समोरच्या उजेडात दिसतच नाहीत. ओव्हरटेक करताना दुसरी ट्रॉली संपल्याची खात्री झाल्याशिवाय डावीकडं येऊ नका.

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून २०२५मध्ये गोवा आणि मुंबईची विमानं सुरू झाली. ठरावीक वारांनाच उडतात. त्यावर परतीचा बेत बांधायचा तर हातात रेल्वेचंही तिकीट असू द्या.

सामान ठेवायला स्टेशनवरची क्लोक रूम बरी पडते. बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. चेनला बारीक कुलूप नसेल तर बॅग घेत नाहीत, ते घरूनच आणा.

रिक्षा: ठरवायची आणि शेअरची

सोलापुरात सिटी बस आहे, पण फेऱ्या कमी. समोर दिसली तर बसा, तिच्यासाठी थांबू नका. शहर चालतं ते रिक्षावर, आणि तिचे दोन प्रकार समजून घेतले की खर्च बराच खाली येतो.

शेअर रिक्षा ठरलेल्या मार्गावर धावते: चौक ते चौक, माणशी भाडं, भरली की निघते. स्टेशन, एसटी स्टँड, सात रस्ता, आसरा, सैफुल, अशोक चौक हे तिचे मोठे थांबे. बसायची रीत अशी.

१. रस्त्याच्या योग्य बाजूला उभे राहा. ही रिक्षा वळसा घालून येत नाही.

२. हात करून फक्त चौकाचं नाव म्हणा: 'मामा, आसरा?' मान हलली तर बसा. 'किती घेणार' हा लांबलचक संवाद इथं नसतो, शेजारच्या प्रवाशाला हळूच विचारा किती देतात ते.

३. सुटे पैसे हातात ठेवा. दहा-वीसच्या नोटा आणि नाणी. क्यूआर कोड बऱ्याच रिक्षांत चिकटवलेला दिसतो, पण मागं गाड्या हॉर्न वाजवत असताना नेट यायची वाट बघत उभं राहणं कुणालाच आवडत नाही.

४. उतरायच्या थोडं आधी 'मालक, पुढं थांबवा की' म्हणा. 'मालक' हा इथला सर्वांना चालणारा शब्द. रिक्षावाला, दुकानदार, हॉटेलवाला, सगळे मालकच.

पुढं, चालकाच्या शेजारी बसवायला लागले तर नाही म्हणा. त्या जागेवर वळणाला धरायला काही नसतं. ती भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही हे खरं, पण मागून दुसरी येते.

स्पेशल रिक्षा, म्हणजे एकट्यासाठी किंवा कुटुंबासाठी ठरवलेली. मीटरनं जाण्याची सवय इथं फारशी नाही, भाडं आधीच बोलून घ्यायचं. पद्धत अशी ठेवा: स्टेशनच्या फाटकातच घासाघीस करू नका, शंभर पावलं बाहेर येऊन मुख्य रस्त्यावर चालती रिक्षा थांबवा. दोघांना विचारा, मधला आकडा धरा. रात्री दहानंतर आणि पहाटे जास्त मागतात, तो रिवाज आहे. ॲपवर रिक्षा मिळाली तर उत्तम, पण पहाटेच्या गाडीसाठी त्या भरवशावर राहू नका. आदल्या रात्री लॉजवाल्याला सांगून ओळखीची रिक्षा ठरवा, तो अर्ध्या मिनिटात फोन लावतो.

भाषेची अडचण येत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा चारही भाषा एकाच चौकात ऐकू येतात, आणि बहुतेक रिक्षावाले त्यांतल्या तीन तरी बोलतात. वाक्याच्या शेवटी 'बे' आलं म्हणून अपमान समजू नका. आपसात ते सहज येतं. पाहुण्यानं मात्र उलट 'बे' म्हणू नये, कानाला खटकतं.

जुनं गाव पायी: एका सकाळचा मार्ग

पूर्ण फेरी साधारण चार-पाच किलोमीटरची आहे. थांबत थांबत चार तास धरा. मार्च ते जून या काळात सकाळी साडेसहाला निघा आणि अकराच्या आत सावलीत या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, आणि किल्ल्याच्या तटावर सावली म्हणून नाही.

सुरुवात सिद्धेश्वर मंदिरापासून करा, पार्क चौकापासून नव्हे. कारण साधं आहे: मंदिर पहाटे उघडतं आणि किल्ल्याचं तिकीटघर नंतर. मंदिर तलावाच्या मधोमध आहे. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले. त्यांची वचनं कन्नडात आहेत, आणि सोलापूरच्या पंचक्रोशीत त्यांनी ६८ लिंगं स्थापल्याचं सांगतात. आवारात त्यांची समाधी आहे, तिला चुकवून थेट बाहेर पडू नका. दगडी फरशी नऊनंतर तापायला लागते. उन्हाळ्यात अनवाणी चालताना पाय पोळतात, म्हणून मोजे घालून आत जाणारे लोक दिसतील, तुम्हीही जा. सोमवारी आणि श्रावणात रांग लांबते.

मंदिरातून किल्ल्याकडं चालत दहा-पंधरा मिनिटं. किल्ल्याच्या तीन बाजूंना खंदक आणि चौथ्या, पूर्वेच्या बाजूला तलाव. त्यामुळं तलावाकडून किल्ला समोर दिसतो पण आत शिरायला वळसा पडतो. इथं लोक वैतागतात. बागेचं फाटक वेगळं आणि किल्ल्याचं वेगळं, एकदा विचारून घ्या. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. भारतीयांना तिकीट २५ रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना माफ. मूळ बांधकाम बहमनी काळातलं, दुहेरी तटबंदी. आत शिरल्यावर लगेच बागेच्या हिरवळीकडं वळू नका, आधी दरवाजातच थांबून वर बघा. तटाच्या भिंतीत जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात, कुठं आडवे, कुठं उलटे. एखाद्या खांबाची वेलबुट्टी भिंतीच्या थरात मध्येच सुरू होते आणि मध्येच संपते. आतल्या भागात उत्खननात सापडलेल्या देवळाचं जोतं आणि खांब आहेत, ते बहुतेक लोक ओलांडून जातात. मे १८१८मध्ये जनरल मन्रोच्या फौजेनं पेशव्यांकडून हा किल्ला घेतला. पाणी बरोबर न्या. तटाचा चढ उंच नाही, पण कडेला सगळीकडं कठडा नाही. मुलांचा हात सोडू नका.

तिथून चार पुतळा. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. १९३०मध्ये सोलापुरात उठाव होऊन मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला होता, त्या काळातलं हे प्रकरण. हुतात्मा एक्स्प्रेसचं नाव यांच्यावरूनच. जवळच महापालिकेच्या आवारात इंद्रभुवन आहे, वारद घराण्यानं बांधलेला वाडा, पुढं महापालिकेचं कार्यालय झालेला. दर्शनी भागातलं कोरीव काम बघायला आवारात दहा मिनिटं थांबा. कामाच्या दिवशी सकाळी गर्दी कमी असते.

मग बाजार. पार्क चौकातून नवी पेठ, पुढं चाटी गल्ली, मधला मारुती, माणिक चौक. ज्यांना मंदिरातून थेट बाजारात जायचं असेल त्यांनी पंचकट्ट्यावरून विजापूर वेस आणि तिथून माणिक चौक धरावा, चढ नाही आणि दुकानं वाटेतच. गाडी घेऊन या गल्ल्यांत शिरू नका. दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते नऊ इथं दुचाकीसुद्धा ढकलत न्यावी लागते. गाडी पार्क चौकाच्या बाजूला लावा आणि चाला.

इतिहासाची आवड असणाऱ्यांनी आणखी एक थांबा धरावा: भैय्या चौकाजवळचं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक. १९१०मध्ये सोलापुरात जन्मलेले कोटणीस वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२मध्ये तिथंच वारले. हे स्टेशन आणि स्टँडच्या मधल्या टापूत पडतं, त्यामुळं येता-जाता होतं, वेगळी फेरी नको.

चादर घ्यायची तर

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरीही 'सोलापुरी' म्हणून दुसरीकडं विणलेला माल राजरोस विकला जातो, अगदी सोलापूर स्टेशनच्या बाहेरही. ओळखायचं कसं, ते नीट बघा.

चादर उलटी करा. जेकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली, वीण असली तर नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, फक्त रंग उलटे: पुढं लाल फुलं पांढऱ्यावर, मागं पांढरी फुलं लालवर. छापील चादरीची मागची बाजू फिकट आणि डागाळल्यासारखी असते. मग काठ बघा. उत्पादकाचं नाव काठात धाग्यानं विणलेलं असतं. शिवलेलं लेबल कुणीही लावू शकतं, विणलेली अक्षरं नंतर घालता येत नाहीत.

नंतर टोकाचा एक सुटा धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर काडीनं पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटात चुरडली जाते. मिश्र धागा वितळतो, टोकाला कडक गोळी राहते. दुकानदार धागा द्यायला का-कू करू लागला तर दुसरं दुकान बघा. शेवटी पांढरा रुमाल ओला करून गडद रंगावर जोरात घासा. थोडा रंग लागणं चालतं, रुमाल लाल झाला तर नको.

माप तोंडी विचारू नका, टेप लावून घ्या. एकेरी चादर ६० बाय ९० इंच म्हणून देतात, पण काही मालात दोन-तीन इंच कमी भरतं, आणि सुती असल्यानं पहिल्या धुण्यात आणखी थोडी आटते. उंच माणसाला मग पाय झाकायला पुरत नाही. वजनही हातात तोलून बघा. त्याच मापाची, त्याच भावाची पण हलकी चादर म्हणजे वीण विरळ. वरची खळ पहिल्या धुण्यात जाते आणि चादर ढिली पडते.

घरी आल्यावर पहिलं धुणं वेगळं, गार पाण्यात, मूठभर मीठ टाकून. पिळून सावलीत वाळवा. गरम पाण्याचं मशीन चक्र पहिल्याच वेळी लावलंत तर रंग काठाच्या पांढऱ्यावर उतरतो आणि मग जात नाही.

खरेदी कुठं? एक-दोन नग घ्यायचे तर चाटी गल्ली आणि नवी पेठ ठीक. दहा-वीस घ्यायच्या असतील, लग्नात आहेर म्हणून वगैरे, तर पूर्व भागातल्या कारखान्यांच्या विक्री दालनांत जा. भावात फरक पडतो आणि एकाच लॉटमधले रंग मिळतात. टॉवेलसाठी तर पूर्व भागच. तिथं जाताना रिक्षा परतीसह ठरवा.

पोटापाण्याचं

सकाळी पूर्व भागात इडलीच्या गाड्या लागतात, साडेनऊ-दहाला संपतात. दुपारी खाणावळीत ज्वारीची भाकरी, शेंगांची पातळ भाजी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी पहिल्यांदा खाणारे तिचा पापडासारखा तुकडा मोडून खातात आणि कोरडी लागते म्हणतात. ती हातानं बारीक चुरायची, वर गरम भाजीचा रस्सा ओतायचा, दोन मिनिटं मुरू द्यायची. दुपारी अडीच-तीनला खाणावळी आवरतात, त्या आत पोचा.

सावजी मटण तिखट असतं, नुसतं झणझणीत म्हणून भागत नाही. रस्सा वेगळ्या वाटीत मागा, आधी सुकं खाऊन बघा. संध्याकाळी पार्क चौकाच्या बाजूला खाण्याच्या गाड्या असतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत हुरडा. शहराबाहेरच्या शेतांवर आधी फोन करून जावं लागतं, आणि हुरडा भट्टीवरून थेट ताटात आला तरच त्याची चव. शहरात पिशवीतून विकत घेतलेला दोन तासांत चिवट होतो.

बांधून न्यायची तर शेंगाचटणी आणि कडक भाकरी. चटणी कुटलेली मागा. कुटल्यानं दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी किंचित ओलसर, गोळा होणारी लागते. मिक्सरची भुगभुगीत राहते. घेण्याआधी वास घ्या, खवट तेलाचा जराही वास असेल तर ठेवून द्या. हवाबंद डब्यात महिनाभर सहज टिकते, ओला चमचा मात्र घालायचा नाही. कडक भाकरी पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या कडक डब्यात न्या. पिशवीत घातल्या तर दौंडपर्यंत चुरा होतो.

पाण्याचं तेवढं जपा. नळाला रोज पाणी येत नाही, साठवून वापरायची पद्धत आहे. प्यायला बंद बाटली घ्या, आणि खोली घेताना 'चोवीस तास पाणी आहे का' हे गरम पाण्याच्या आधी विचारा.

ज्या दिवशी नकाशा बदलतो

संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वर यात्रा. लोक तिला 'गड्डा' म्हणतात. ६८ लिंगांना तैलाभिषेक, सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होमविधी आणि शोभेचं दारूकाम असे सलग दिवस. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, उंच काठ्या, पेलणारे पांढऱ्या बाराबंदीत. मार्ग दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा आणि मंदिर. म्हणजे वर सांगितलेली पायी फेरी त्या दिवशी होणार नाही. तोच रस्ता मिरवणुकीचा. बघायला आला असाल तर सकाळीच माणिक चौकाच्या पुढं एखाद्या दुकानाच्या पायरीवर जागा धरा. सोहळ्याला नसाल आलात, तर ते दिवस टाळाच. खोल्या मिळत नाहीत आणि रिक्षा सात रस्त्याच्या अलीकडं यायला तयार नसतात. होम मैदानावरचा बाजार आणि पाळणे मात्र नंतरही बरेच दिवस असतात.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो, तेव्हा पूर्व भागातले रस्ते अडतात. कोजागिरीच्या आसपास तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी अख्खा तुळजापूर रस्ता भरतो आणि वाहनं दुसरीकडून वळवतात.

शहराबाहेरचा एक दिवस

सोलापूरला मुक्काम करून भोवतालची ठिकाणं करणं सोपं पडतं, कारण एसटीचे रस्ते चारी दिशांना फुटतात. तुळजापूर ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४०च्या आत-बाहेर, पंढरपूर ७० ते ७५. तुळजापूरला दर थोड्या वेळानं गाडी असते आणि तासाभरात पोचते. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून जा. अक्कलकोटला गुरुवार टाळा.

अक्कलकोटला रेल्वेनं जायचा मोह होतो, कारण नकाशावर 'अक्कलकोट रोड' स्टेशन दिसतं. ते गावापासून दहा-अकरा किलोमीटर लांब आहे आणि तिथून पुन्हा रिक्षा करावी लागते. एसटीनंच जा. पंढरपूरला रेल्वेनं जायचं तर कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागते, म्हणून तिथंही एसटी बरी.

तुळजापूर आणि अक्कलकोट एका दिवसात करणारे बहुतेक लोक सोलापूरला परत येऊन दुसरी गाडी धरतात. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट, सोलापूर असा फेरा घाला. वाटेत नळदुर्गचा किल्ला होतो. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला, १६१३चा. पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये गेलात तर दिसतील, उन्हाळ्यात कोरडा बांध दिसतो. किल्ला पसरट आहे, दोन तास धरा, आणि पाणीमहालाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं तेव्हा चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत.

हत्तरसंग कुडल मात्र एसटीवर सोडू नका. भीमा आणि सीना यांच्या संगमावरचं हे ठिकाण विजापूर रस्त्यानं साधारण ४० किलोमीटरवर आहे. शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख तिथं आहे, आणि शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग. गाड्या कमी आणि परतीची वेळ बेभरवशाची, म्हणून अर्ध्या दिवसासाठी गाडी ठरवा. शिलालेख वाचायचा तर सकाळी किंवा संध्याकाळी जा. तिरपा उजेड पडला की अक्षरांच्या खाचा उठून दिसतात, भर दुपारी दगड नुसता सपाट वाटतो.

एसटीत महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, ७५च्या पुढं मोफत. आधार कार्ड मूळ किंवा मोबाईलवर दाखवता येईल असं ठेवा. विजापूरला जाणाऱ्या गाडीत ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच, पुढचं पूर्ण भाडं पडतं. कंडक्टरनं जास्त घेतले असं वाटून भांडण काढण्याआधी तिकिटावरचे दोन टप्पे वेगळे वाचा. शेवटची परतीची गाडी कुठली हे जाताना स्टँडवरच्या चौकशी खिडकीत विचारून घ्या, आणि तिच्या आधीची धरा.